जुन्या कॅरॅव्हॅनचे डेकल बदलताना: काढण्यापासून नवे चिकटवण्यापर्यंत

ब्रिटनमध्ये सेकंड-हँड टूरिंग कॅरॅव्हॅन (कारमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर) घेतली की थोड्याच दिवसांत एक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागते. आतला हीटर, फ्रिज, गॅस सगळं ठणठणीत, पण बाहेरच्या निळ्या-करड्या पट्ट्यांना भेगा पडलेल्या, मॉडेलच्या नावातलं एखादं अक्षर अर्धं उडालेलं आणि प्रत्येक पट्टीभोवती मळकट काळी रेघ. गाडी आहे त्यापेक्षा दहा वर्षांनी म्हातारी दिसते. हे काम बाहेर दिलं तर बिलात मजुरीचाच वाटा मोठा असतो, कारण त्यात कौशल्य थोडं आणि चिकाटी जास्त लागते. म्हणून घरी करण्यासारखं आहे. फक्त काही गोष्टी पहिलं टोक उचकटण्याआधी माहीत असायला हव्यात.

हे डेकल म्हणजे आपल्याकडे रिक्षा-टेम्पोवर जे ‘रेडियम’ लावतात, त्याच जातीचं पीव्हीसी व्हिनाईल. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य ऊन लागून वर्षानुवर्षं निघून जातं. मग ते आकसतं, कडक होतं आणि तडकतं. आकसल्यामुळे कडेचा गोंद उघडा पडतो आणि त्यावर धूळ बसते. ती काळी रेघ म्हणजे ही धूळ. तिला लगेच पुसू नका, पुढे तिचा उपयोग आहे.

१. आधी ठरवा: नुसते काढायचे की बदलायचे?

“सगळं काढून पांढरी शुभ्र ठेवू” हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. पण डेकलखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो आणि आजूबाजूचा फिकट किंवा पिवळट झालेला असतो. डेकल काढल्यावर त्याच आकाराची पुसट सावली तिथे राहते. पाच-सहा वर्षांच्या गाडीवर ती पॉलिशने बहुतेक जाते. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीवर, विशेषतः दक्षिणेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बाजूवर, ती पुरती जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून माझं मत असं: जुन्या गाडीवर नवं डिझाइन सावलीच्या आकारावरून ठरवा. जुन्या पट्टीपेक्षा कडेने थोडी मोठी पट्टी लावली की सावली आपोआप झाकली जाते.

एकच खराब तुकडा बदलायचा विचार असेल तर सोडून द्या. बाकीच्या पट्ट्या फिकटलेल्या असताना नव्याचा रंग त्यांच्याशी कधीच जुळत नाही. निदान एक पूर्ण बाजू तरी एकदम करा.

२. पॅनेल कशाचं आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एकाच कॅरॅव्हॅनवर दोन-तीन प्रकारची पॅनेल असतात.

बाजू बहुधा रंगवलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या असतात. हात लावला की गार लागतात. पत्रा पातळ, त्यावरचा रंगही पातळ आणि मागे पॉलिस्टायरीनचा फोम चिकटवलेला. जास्त उष्णता दिली तर रंगाआधी मागचा फोम आणि त्याचा गोंद दगा देतो आणि पत्रा फुगतो. तो परत बसत नाही.

पुढचं आणि मागचं गोलाईदार पॅनेल एबीएस प्लास्टिकचं किंवा फायबरग्लासचं असतं. लॉकरचं झाकण उघडून मागची बाजू बघा. धाग्यांची खरखरीत जाळी दिसली तर फायबरग्लास, दोन्हीकडून गुळगुळीत असेल तर एबीएस. जुन्या एबीएसला दिव्यांच्या आणि हँडलच्या आसपास केसासारख्या चिरा पडलेल्या असतात, तीही खूण. नव्या गाड्यांच्या बाजूही कधी कधी फायबरग्लासच्या असतात, तेव्हा गाडीचं हँडबुक बघून घ्या.

एबीएसवर थिनर किंवा ॲसिटोन (नेल पॉलिश रिमूव्हरसुद्धा) चुकूनही नको, प्लास्टिक विरघळतं. आणि खिडक्या! कॅरॅव्हॅनच्या खिडक्या काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या असतात. त्यांच्यावर स्पिरिट किंवा अल्कोहोल गेलं की आत बारीक जाळीदार चिरा उमटतात आणि खिडकी बदलण्यावाचून इलाज राहत नाही. कामाआधी जवळच्या खिडक्या प्लास्टिक आणि मास्किंग टेपने झाकून टाका.

३. काय काढायचं नाही

प्रत्येक स्टिकर सजावटीचा नसतो. दाराजवळची वजनाची पट्टी (गाडीचं कमाल परवानगी असलेलं वजन तिच्यावर असतं), गॅस आणि टायरच्या हवेच्या सूचना, आणि क्रिस नोंदणीची लेबलं तशीच ठेवा. क्रिस ही ब्रिटिश कॅरॅव्हॅनची ओळख-नोंदणी १९९२ पासून आहे. तिचा १७ आकडी-अक्षरी क्रमांक खिडक्यांवर कोरलेला असतो. लेबल खरवडलेलं दिसलं तर पुढचा गिऱ्हाईक चोरीचा माल समजून पाठ फिरवेल. मागचे लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर कायद्याने लागतात, त्यांनाही हात लावू नका.

टूरिंग कॅरॅव्हॅनची डीव्हीएलएकडे (वाहननोंदणी करणाऱ्या ब्रिटिश सरकारी संस्थेकडे) नोंद नसते, त्यामुळे डेकल बदलल्याचं कोणाला कळवावं लागत नाही. मोटरहोम (स्वतःचं इंजिन असलेलं) किंवा व्हॅनपासून केलेली कॅम्पर असेल तर गोष्ट वेगळी. मुख्य रंग बदलला तर नोंदणीपत्रात बदल करावा लागतो. आणि ज्यांना साध्या व्हॅनची नोंद ‘मोटर कॅरॅव्हॅन’ अशी बदलून घ्यायची आहे त्यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे ग्राफिक्स डीव्हीएलए फोटोंमध्ये बघतं, म्हणजे तिथे डेकल काढणं उलट अंगाशी येऊ शकतं.

४. काढण्याआधी नक्कल घ्या

ही पायरी गाळणारे खूप, आणि नंतर हळहळणारेही तेवढेच.

दोन्ही बाजूंचे फोटो काढा, गाडीच्या मध्यासमोर, लांब उभं राहून, कॅमेरा सरळ धरून. फोटोत एक मोजपट्टी चिकटवलेली असू द्या. मग प्रत्येक पट्टीचं अंतर हलणार नाही अशा गोष्टीपासून मोजा: दाराची चौकट, खिडकीच्या रबराची कड, ऑनिंग रेल (बाहेरचा कापडी मांडव अडकवायची पट्टी). जमिनीपासून मोजू नका. गाडीचे स्टेडी (कोपऱ्यांतले टेकूचे पाय) वरखाली झाले, टायरची हवा कमी झाली की माप बदलतं.

त्यानंतर ट्रेसिंग पेपरचा रोल मास्किंग टेपने डेकलवर लावा आणि पेन्सिलने कड गिरवा. ती मळकी काळी रेघ इथे कामाला येते. व्हिनाईल आकसलेलं असतं, पण मूळ कड त्या रेघेच्या बाहेरच्या अंगाला आहे. गिरवायची ती बाहेरची कड. प्रत्येक कागदावर ‘दाराची बाजू’ किंवा ‘रस्त्याची बाजू’, वर-खाली आणि पुढची दिशा लिहा. लाटेसारख्या पट्ट्या डाव्या-उजव्या जोडीत असतात, मात्र नावातली अक्षरं उलटी होत नाहीत. दुकानदाराला एकाच बाजूची फाइल देऊन “दुसरी उलटी करा” म्हटलं की नावही आरशातलं येतं.

५. नवे डेकल कुठून आणायचे

कंपनी चालू असेल तर त्यांच्या डीलरकडे गाडीचा क्रमांक देऊन विचारा. अलीकडच्या मॉडेलचे मिळतात, जुन्यांचे बहुधा नाही. लुनरसारखी कंपनी २०१९ मध्येच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तिथे कारखान्याचा रस्ता बंद. मग उरतात दोन वाटा: कॅरॅव्हॅनचे डेकल बनवणारे ऑनलाइन विक्रेते, किंवा गावातलं साइनबोर्डचं दुकान. मला दुसरी वाट आवडते, कारण ट्रेसिंग घेऊन समोर बसता येतं आणि रंगाचं पुस्तक गाडीशेजारी धरून बघता येतं.

व्हिनाईल विचारून घ्या. सगळ्यात स्वस्त असतं ते मोनोमेरिक, दोन-तीन उन्हाळ्यांत आकसायला लागतं. सपाट ॲल्युमिनियमसाठी मधल्या दर्जाचं, उदाहरणार्थ ओराकल ६५१, चालतं. पुढच्या गोलाईवर मात्र कास्ट व्हिनाईल घ्या, जसं ओराकल ७५१. ते पातळ असतं, वळणावर बसतं आणि मागे खेचत नाही. पैसे वाचवायचे तर डिझाइन छोटं करा, व्हिनाईल हलकं घेऊ नका.

आपल्या लोकांना मोह होतो तो चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्हचा. ब्रिटनमध्ये पुढे लाल आणि मागे पांढरं परावर्तक लावता येत नाही. साधंच बरं.

आता देवनागरीबद्दल. कॅरॅव्हॅनला नाव द्यायचं, मागे एखादी ओळ घालायची ही हौस पुष्कळांना असते आणि ती जरूर करावी. पण इथल्या साइन-शॉपला मजकूर ईमेलमध्ये टाइप करून पाठवू नका. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. ‘भटकंती’ बरी निघते, पण ‘दिंडी’ची पहिली वेलांटी ‘द’च्या पलीकडे गेलेली असते आणि दुकानदाराला त्यात काही चुकलंय हे कळायचं कारणच नाही. इंकस्केपसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये स्वतः टाइप करा, अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे बाह्यरेषांच्या आकारांत, रूपांतर करा.

एवढ्याने भागत नाही. देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. छापताना ते दिसत नाही. कटिंग प्लॉटर मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो, आणि शिरोरेषेला दर अक्षरागणिक काप जातो. दोन वर्षांत तिथून टोकं सुटायला लागतात. म्हणून सगळे पाथ निवडून ‘युनियन’ करा, म्हणजे पूर्ण शब्द एका अखंड रेषेत कापला जातो. अनुस्वार आणि चंद्रबिंदू सुटेच राहतात, ते फार बारीक ठेवू नका, नाहीतर धुताना उडतात. शेवटी दुकानदाराने पाठवलेला प्रूफ मोठा करून एकेक मात्रा तपासा आणि मगच होकार द्या.

६. सामान

- हेअर ड्रायर (हीट गन असली तरी आधी हाच)
- प्लास्टिकची ब्लेड आणि पसरट प्लास्टिक स्क्रॅपर. धातूचं ब्लेड नको
- व्हाइट स्पिरिट किंवा तयार ॲडहेसिव्ह रिमूव्हर. भारतात मिनरल टर्पेंटाईन
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, फक्त शेवटच्या पुसण्याला
- नायट्राइल हातमोजे, मायक्रोफायबरची भरपूर फडकी
- रंगाचा मळ काढणारं कटिंग पॉलिश, फारेक्ला जी-३ किंवा तत्सम
- फेल्टची कड असलेली स्क्वीजी (घासून दाबायची पसरट पट्टी), स्प्रे बाटली, भांडी घासायचा लिक्विड साबण
- मास्किंग टेप, मोजपट्टी, धारदार कटर, टाचणी
- रुंद पायऱ्यांची भक्कम शिडी. छतावर चढू नका

७. दिवस आणि जागा

ढगाळ, कोरडा, वारा नसलेला दिवस, तापमान १० अंशांच्या वर. त्याखाली नव्या व्हिनाईलचा गोंद नीट धरत नाही. भर उन्हात पत्रा तापून डेकल टेकल्याजागीच चिकटतं, सरकवायला वावच मिळत नाही. म्हणजे मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा, आपण एरवी “छे, आजही ऊन नाही” म्हणतो असा दिवस.

स्टोरेज यार्डात बहुधा वीज नसते आणि काहींच्या नियमांत दुरुस्तीकाम बसत नाही, आधी विचारा. घरासमोर उभी करणार असाल तर घराच्या कागदपत्रांत कॅरॅव्हॅन उभी करायला मनाई नाही ना, ते बघा. नव्या वसाहतींमध्ये ही अट सर्रास असते. कॅम्पसाइटवर करणार असाल तर १० अँपिअरच्या हुक-अपवर (तिथल्या वीजजोडणीवर) ड्रायर आणि चहाची किटली एकदम लावू नका, ट्रिप होईल. एक्स्टेन्शनचा रील पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेला राहिला तर तापतो.

हँडब्रेक, चाकांना ठोकळे, चारही स्टेडी खाली. मग आख्खी बाजू मेण नसलेल्या शाम्पूने धुऊन घ्या.

८. काढणं

कमी दिसणाऱ्या कोपऱ्यातल्या छोट्या तुकड्याने सुरुवात करा. ड्रायर वीतभर अंतरावर ठेवून सतत हलवत राहा. तळहात टेकवून बघा: ऊबदार लागला पाहिजे, हात मागे घ्यावा लागला तर जास्त झालं. हीट गनची हवा सहज ३०० अंशांच्या पुढे जाते आणि एबीएस साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. नवख्याने ती एबीएसवर वापरूच नये.

नखाने किंवा प्लास्टिक ब्लेडने कोपरा उचला. तो सरळ आपल्याकडे ओढू नका, स्वतःवर दुमडून हळू, एकाच वेगाने मागे न्या आणि ड्रायर पुढच्या इंचावर चालू ठेवा. पट्टी ताणली जाऊन रबरासारखी लांबत असेल तर उष्णता कमी करा. कटकन तुटत असेल तर वाढवा. जमलं की हाताला कळतं: गोंद सुटतानाचा बारीक, सलग चर्र आवाज येत राहतो.

खूप जुनं डेकल मात्र पापडासारखं तुकड्या-तुकड्यांनीच निघतं. त्याला इलाज नाही. तिथे घाई केली की ब्लेडचा कोपरा रंगात रुततो. एक बाजू एका दिवसात पुरी झाली नाही तरी चालेल, अर्धी राहिलेली पट्टी कोणाला काही खात नाही.

ड्रिलला लावायचं रबरी चाक मिळतं, त्याने काम झपाट्याने होतं. फायबरग्लासवर कमी वेगात, न थांबता फिरवत वापरायला हरकत नाही. एबीएसवर ते घर्षणाने प्लास्टिक वितळवतं आणि पत्र्यावरचा पातळ रंग जाळू शकतं. मी ते घेऊ नका असंच म्हणेन.

९. चिकटा

डेकल निघाल्यावर खाली पिवळसर चिकटा उरतो. वेळ खरा इथे जातो. फडकं व्हाइट स्पिरिटने ओलं करून चिकट्यावर दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवा, मग प्लास्टिक स्क्रॅपरने एका दिशेने ढकला. गोंद मऊ होऊन गोळ्या होतात, त्या लगेच स्वच्छ फडक्यात उचला. त्याच फडक्याने पुढे पुसलं तर चिकटा फक्त जागा बदलतो. एबीएसवर स्पिरिट भिजत ठेवू नका, आधी लपलेल्या जागी तपासा, पुसा आणि पाण्याने धुऊन काढा. सांध्यांवरच्या पट्ट्या, रेल आणि खिडक्यांच्या कडेचं सीलंट स्पिरिटने ओलं होऊ देऊ नका. ते सुटलं तर पाणी भिंतीत शिरतं, आणि ओल हा कॅरॅव्हॅनचा खरा रोग आहे.

कधी कधी डेकलखाली जुनी दुरुस्ती, पोचा किंवा ॲल्युमिनियमवर उठलेले पांढरे फोड सापडतात. फोडांवर नवं डेकल चिकटवू नका, आधी ते घासून, प्रायमर मारून घ्या.

१०. सावली

कटिंग पॉलिश हाताने, छोट्या गोलात, आधी आजूबाजूच्या फिकट रंगावर लावा. उजळ करायचं आहे ते बाहेरचं, डेकलखालचं नाही. फायबरग्लास बरंच घासणं सोसतं, पत्र्यावरचा रंग सोसत नाही. फडक्यावर रंग जास्त यायला लागला की थांबा. उरलेली सावली नव्या पट्टीखाली जाणारच आहे.

११. नवं लावणं

जिथे लावायचं ती जागा आयसोप्रोपिलने पुसा. पॉलिशमधलं सिलिकॉन किंवा मेण राहिलं तर कडा आठवड्यात उठतात. पुसल्यानंतर तिथे बोट लावू नका.

डेकल कागदासकट जागेवर धरा, मास्किंग टेपने टेकवा आणि लांब जाऊन बघा. मापं बरोबर असली तरी डोळ्याला तिरकं दिसत असेल तर डोळ्याचं ऐका. खिडकीखालची रेघ आणि पट्टी यांच्यातली फट सगळ्यांना दिसते, तुमची मोजपट्टी कोणालाच दिसत नाही.

आता बरोबर मध्यावर वरून खाली एक रुंद टेप लावा, ती बिजागरी. एका अर्ध्याचा मागचा कागद टेपपर्यंत सोलून कापा. मोठ्या पट्टीसाठी पॅनेलवर आणि गोंदाच्या बाजूवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारा (अर्ध्या लिटरला दोन-तीन थेंब, जास्त नको), डेकल टेकवा आणि स्क्वीजीने मध्यापासून कडेकडे पाणी ढकला. प्रत्येक फटका आधीच्यावर थोडा चढलेला. मग बिजागरीची टेप काढून दुसरा अर्धा. बारीक अक्षरं कोरडीच लावा, पाण्यात ती सरकतात. गोलाईवर सुरकुती आली तर दाबू नका, उचलून थोडी ऊब द्या आणि परत बसवा.

वरची ट्रान्सफर टेप (डेकलचे सुटे भाग जागेवर धरून ठेवणारी) लगेच सोलायची घाई नको. ओल्या कामात अर्धा-एक तास थांबा, थंड दिवशी आणखी. टेप पॅनेलला लगत, पूर्ण मागे दुमडून सोला. अक्षर टेपबरोबर यायला लागलं तर परत दाबा आणि थांबा. बुडबुडा राहिला तर टाचणीने कडेला भोक पाडून अंगठ्याने हवा बाहेर काढा. लॉकरच्या झाकणाच्या फटीवरून पट्टी जात असेल तर ती फटीवर कापून दोन-तीन मिलिमीटर आत वळवा. फ्रिजच्या जाळ्या आणि गॅसची भोकं कधीच झाकू नका.

१२. पुढचे काही दिवस

दोन दिवस धुऊ नका आणि शक्य असेल तर हायवेवर नेऊ नका. आठवड्याने सगळ्या कडांवरून पुन्हा एकदा ड्रायर आणि अंगठा फिरवा. प्रेशर वॉशर डेकलच्या कडेवर तिरका मारू नका. हिवाळ्यात कव्हर घालत असाल तर वाऱ्याने ते कडांवर घासतं, पट्टे घट्ट बांधा. कापलेल्या व्हिनाईलचे उरलेले तुकडे दुकानातून मागून घ्या आणि फाइल, ट्रेसिंगचे कागद, व्हिनाईलचा रंग-क्रमांक हे सगळं गाडीच्या हँडबुकाच्या पाकिटात ठेवा. साइटवर शेजाऱ्याची सायकल पट्टीला घासून गेली की लागेल.